पगाराचं कार्ड कुणाकडे असतं?

तुझा मेसेज दोनदा वाचला. मोठ्या क्लायंटने सप्लाय चेनमधल्या आधुनिक गुलामगिरीवर प्रश्नांची भलीमोठी एक्सेल शीट पाठवलीय, बॉस म्हणतात नेटवरनं एखादी पॉलिसी घे, नाव बदल, सगळीकडे 'हो' टाक आणि विषय संपव, आणि तुला ते पटत नाहीये. बरंच आहे की.

बॉसचा मुद्दा मला तोंडपाठ आहे, कारण माझी कंपनी होती तेव्हा मीही हेच बोलायचे. आपला ना कारखाना ना गोदाम, आपली कसली आलीय सप्लाय चेन! अगं पण एकदा ऑफिस सुटल्यावर मुद्दाम थांबून बघ, कोण कोण येतं ते. सफाईवाल्या बायका, रात्रपाळीचा गार्ड, कॅन्टीनमधली पोरं, पार्सल टाकणारे. यातलं कुणीही तुमच्या पगारपत्रकावर नाही, आणि तीच तुमची सप्लाय चेन. लॅपटॉपच्या बॅटरीतला कोबाल्ट कुठल्या खाणीतला हे छोट्या कंपनीतनं शोधता येत नाही, विकणाऱ्याला विचारून ठेव आणि पुढे जा.

गुलामगिरी म्हटलं की साखळदंड डोळ्यापुढे येतात, तिथेच घोटाळा होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या करारात व्याख्या अगदी साधी आहे, शिक्षेचा धाक घालून, माणसाच्या मर्जीविरुद्ध करून घेतलेलं काम. धाक कसलाही असतो. उचल फिटली नाही, कागदपत्रं मुकादमाकडे, दोन महिन्यांचा पगार अडकवलेला. याच संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत आहेत, आणि ती जास्त कुठल्या कामात सापडतात त्या यादीत शेती-बांधकामासोबत आपलं सर्व्हिस क्षेत्रही आहे.

आता माझी गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाही. आमच्याकडे सफाईला एक बाई यायच्या. पगाराच्या दिवशी मी सहज म्हटलं, आज लवकर निघा, एटीएमला गर्दी व्हायच्या आत पैसे काढा. त्या फडकं पिळतापिळता म्हणाल्या, कार्ड सुपरवायझरकडे असतं, तोच काढून देतो. किती देतो विचारलं तर बादली उचलून पलीकडे गेल्या. मग मी हजेरी रजिस्टर उघडलं, तर पाच जणींच्या सह्या एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या. महिनोनमहिने त्याच रजिस्टरवरनं मी बिलं पास करत होते!

आणि पुढे मी घोडचूक केली. रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी कॉन्ट्रॅक्ट तोडलं. मला वाटलं केवढं न्यायाचं काम केलं, पण त्या पाचही जणी गेल्या त्या गेल्याच, कुठे नेलं, पैसे मिळाले का, काही कळलं नाही. म्हणून असं काही दिसलं तर लगेच ठेकेदारावर ओरडू नकोस. आधी कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेला किंवा सरकारी हेल्पलाइनला विचार, जिवाला धोका वाटला तर थेट पोलीस, आणि त्या माणसाला काय हवंय ते त्याच्याकडनंच, एकांतात समजून घे. सुपरवायझरच्या समोर नाही, आणि भाषा कळत नसेल तर सुपरवायझरचाच माणूस दुभाषा म्हणून नाही.

नंतर मी हिशोब केला तेव्हा खरी चपराक बसली. मी सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडलं होतं, त्यातनं साहित्य, कर, ठेकेदाराचं कमिशन काढलं तर उरलेल्या पैशात कायद्याने ठरलेलं किमान वेतनसुद्धा बसत नव्हतं. म्हणजे तो रेट मीच तर मंजूर केलेला! किती माणसं, किती तास, किमान वेतन किती, एवढा गुणाकार आधी केला असता तरी कळलं असतं.

बाकी विचारायचं फार नसतं. काम पुढे सब-कॉन्ट्रॅक्टवर दिलंय का, कामाला लागताना कुणाला पैसे द्यावे लागले का (द्यावे लागता कामा नयेत, भरतीचा खर्च मालकाचा), मूळ ओळखपत्र कुणाकडे आहे, चार जणांचा पगार एकाच खात्यात तर जात नाही ना. हे कॉन्ट्रॅक्टमधे लिहून घे, पण लिहून घेतलं म्हणजे झालं असं नाही, तीन महिन्यांनी दोघातिघांशी बोलायला हवं. आणि तुमचं बिल वेळेवर द्या बाई, तुम्ही नव्वद दिवस लावले की ठेकेदार तो उशीर खाली ढकलतो.

त्या शीटचं म्हणशील तर, ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात, ती रोखायला काय केलं याचं दरवर्षी स्टेटमेंट काढायची सक्ती ३ कोटी ६० लाख पाऊंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आहे, असेच मोठे क्लायंट मग आपल्यासारख्यांना शीट पाठवतात. सगळीकडे 'हो' टाकू नकोस. जे तपासलं नाही तिथे 'अजून तपासलेलं नाही, अमुक तारखेपर्यंत तपासू' असं सरळ लिही. मी क्लायंटच्या बाजूनेही बसलेय, सगळे 'हो' आले की मला जास्त शंका यायची.

बॉस कुरकुरतील, त्यांना सफाईच्या कॉन्ट्रॅक्टचा गुणाकार करून दाखव. आकडे जुळत नसतील तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.