स्पिरिट नको, सुती साडी घ्या

प्रश्न : सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच आहेत. दिवसा ब्युरोच्या मावशी असतात. त्या कढत पाण्यात डेटॉल घालून अंग पुसतात, मग स्पिरिट लावून पाठ चोळतात आणि पावडर टाकतात. तरी अंगाला सारखी खाज असते आणि आता माकडहाडापाशी लाली दिसतेय. काय चुकतंय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मावशींना बोल लावू नका. आम्हा नर्सनाही ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं, आणि मी वर्षानुवर्षं अशाच पाठी चोळल्या. आज त्याचं वाईट वाटतं. म्हातारपणी कातडीतलं तेल आधीच आटलेलं असतं, स्पिरिट उरलंसुरलंही ओढून घेतं. आणि लाल झालेली जागा चोळली की आतलं मांस आणखी दुखावतं.

आधी ती लाली बघा. बोटाने दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वर्ण सावळा असेल तर लाली कळत नाही; हात लावून ती जागा गरम किंवा कडक लागते का, ते बघा.

दर दोन तासांनी कूस बदलायची. एअर बेड असला तरीही. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवा. कुठल्या कुशीवर चालेल हे हाडांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. ओढून सरकवू नका, त्यात कातडी सोलवटते. घरातली जुनी, मऊ सुती साडी चौपदरी करून कमरेखाली घाला आणि दोघींनी दोन्हीकडून धरून उचला. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहतील. मधे भोक असलेली रबरी गादी मात्र आणू नका. तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

पाणी कोमट, डेटॉल बंद. साबण फक्त काखेत, जांघेत. टिपून घ्या, आणि अंग जरासं ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पुण्याच्या कोरड्या थंडीत दोनदा. डायपर ओला झाला की लगेच बदला, तिथे झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

मावशी संध्याकाळी घरी जातात. रात्रीच्या कुशी तुम्ही एकट्या बदलू नका. नवरा, मुलं, जे कोणी असतील त्यांच्या पाळ्या आजच कॅलेंडरवर लिहून टाका.