एनएचएल न खेळलेला एनएचएलचा प्रशिक्षक

प्रश्न : अमेरिकी आइस हॉकी प्रशिक्षक डेव्हिड क्विन स्वतः एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वात मोठी व्यावसायिक लीग) एकही सामना खेळलेले नाहीत, असं वाचलं. मग मोठ्या संघांनी त्यांच्यावर भरवसा कसा टाकला?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. ऱ्होड आयलंडमधल्या क्रॅन्स्टनचा हा बचावपटू १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिल्याच फेरीत, तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. हक्क मिनेसोटा नॉर्थ स्टार्स या संघाकडे गेले आणि क्विन बॉस्टन विद्यापीठात प्रशिक्षक जॅक पार्कर यांच्या हाताखाली खेळू लागले. १९८८ च्या ऑलिंपिकवर नजर होती. त्याच सुमारास निदान झालं, हिमोफिलिया बी. या आजारात रक्त गोठवणारा ‘फॅक्टर ९’ कमी असतो, त्यामुळे मार लागला की रक्तस्राव लवकर थांबत नाही. प्रतिस्पर्ध्याला कठड्यावर दाबायचं, वेगाने येणारा पक (आइस हॉकीची रबरी चकती) अंगावर घ्यायचा, हेच ज्याचं काम त्याला नेमका हा आजार! ऐन उमेदीत खेळ सुटला. उपचार सुधारल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दुय्यम लीगमध्ये बिंगहॅम्टन आणि क्लीव्हलँडकडून पुन्हा खेळून पाहिलं, पण एनएचएलचं दार काही उघडलं नाही.

इथवरची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला मात्र त्यानंतरची उमेदवारी जास्त मोलाची वाटते. आजारपणाने कुणी प्रशिक्षक होत नाही. नॉर्थईस्टर्न आणि नेब्रास्का-ओमाहा ही विद्यापीठं, मग अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा युवा विकास कार्यक्रम अशी वर्षं घालवून २००४ मध्ये ते पार्कर यांचे सहायक म्हणून बॉस्टनला परतले. २००९ च्या कॉलेज हॉकीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मायामी विद्यापीठाविरुद्ध (हे मायामी ओहायोतलं, फ्लोरिडातलं नव्हे) बॉस्टन दोन गोलांनी मागे होतं. शेवटच्या मिनिटात दोन्ही गोल फेडले, जादा वेळेत सामना मारला. बरोबरीचा गोल मॅट गिलरॉयचा, विजयी गोल कोल्बी कोहेनचा आणि दोघेही बचावपटू. पुढे दुय्यम लीगमधला लेक एरी, मग एनएचएलमधला कोलोरॅडो अशा संघांकडे काम करत २०१३ मध्ये पार्कर यांची खुर्ची क्विनना मिळाली. २०१८ मध्ये एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्सनी त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं ते थेट तिथूनच.

प्रश्न : एनएचएलच्या संघाने निवडल्यावर कॉलेजच्या संघात कसं खेळता येतं?

उत्तर : ड्राफ्ट म्हणजे करार नव्हे. संघाकडे फक्त हक्क राहतात, खेळाडू शिकत राहतो. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत करू नका.

प्रश्न : माझ्या भाच्याला हिमोफिलिया आहे. क्विन यांच्याबद्दल कळल्यापासून तो कबड्डीसाठी हट्ट धरून बसलाय. काय करावं?

उत्तर : क्विन यांचं उदाहरण इथे परवानगी म्हणून वापरू नका. ते निदान होण्याआधी खेळले, निदान झाल्यावर थांबले, आणि पुन्हा उतरले ते उपचार सुधारल्यावरच. कबड्डीत पकड म्हणजे थेट आदळणं, त्यामुळे हा आजार असलेल्यांसाठी ती धोक्याचीच. पोहणं साधारणपणे सुरक्षित मानतात. तरीही त्याच्या रक्तात फॅक्टर किती, सांध्यांची अवस्था काय, यावर सगळं ठरतं, म्हणून रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलाच खेळ सुरू करू नका.

प्रश्न : कॉलेजात गाजले, पण रेंजर्सनी काढलं, सॅन होजे शार्क्सनीही काढलं. मग क्विन यांना मोठं का म्हणायचं?

उत्तर : निकालांवर बोट ठेवलंत, ते बरोबरच. २०२३-२४ मध्ये शार्क्स ८२ पैकी जेमतेम १९ सामने जिंकून तळाला राहिले. पण दोन्ही संघ नव्याने उभे राहत होते. शार्क्सनी तर त्या हंगामाआधी एरिक कार्लसनलाच दुसरीकडे पाठवलं. हा कार्लसन क्विन यांच्या पहिल्या हंगामात १०१ गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करून सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला होता. त्याआधी रेंजर्सचा बचावपटू अ‍ॅडम फॉक्स. तो हार्वर्डचा, म्हणजे कॉलेज हॉकीतूनच आलेला. रेंजर्सनी क्विनना मे २०२१ मध्ये नारळ दिला आणि पुढच्याच महिन्यात फॉक्सला नॉरिस मिळाली! बॉस्टन विद्यापीठात बचावपटू चार्ली मॅकअ‍ॅव्हॉयही त्यांच्याच हाताखाली खेळला. या मुलांच्या अंगच्या गुणांचं श्रेय प्रशिक्षकाला देणार नाही, कार्लसन तर आधीच दोनदा नॉरिस जिंकलेला. पण बचावपटूला पक घेऊन पुढे धावायची मोकळीक देणं सगळ्यांना जमत नाही. चूक झाली की समोरचा गोलरक्षकापुढे एकटाच उभा असतो, आणि शिव्या खातो प्रशिक्षक.

शार्क्सनंतर २०२४ मध्ये क्विन एनएचएलच्याच पिट्सबर्ग संघाकडे गेले, तेही सहायक म्हणून, मुख्य प्रशिक्षक माइक सलिवन यांच्या हाताखाली. दोघे बॉस्टन विद्यापीठात एकत्र खेळलेले.