दोन कॉइलचा सबवूफर, दोन अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : माझ्या गाडीत १२ इंची सबवूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बासचा स्पीकर) आहे. त्याला प्रत्येकी ४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल असून एकूण क्षमता ६०० वॅट आरएमएस (सतत पेलता येणारी) आहे. सध्याचा मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला ३०० वॅट देतो. तो २ ओहमवर चालत नाही, म्हणून दोन्ही कॉइल सिरीजमध्ये (एकीपुढे एक) जोडल्या आहेत. आता दुसऱ्या कंपनीचा, ४ ओहमला ४५० वॅट देणारा मोनो अ‍ॅम्प्लिफायर मिळतो आहे. प्रत्येक कॉइलला एकेक अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर चालेल का?

उत्तर : चालेल, परंतु दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर अगदी सारखेच वागतील अशी व्यवस्था आपल्याला करावी लागेल, आणि खरे काम तेच आहे. दोन्ही कॉइल एकाच नळीवर गुंडाळलेल्या असतात आणि एकच पडदा हलवतात. एकीला मिळणारा सिग्नल दुसरीपेक्षा कमी, उशिरा किंवा उलटा असेल, तर एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे रेटतो अशी गत होते. बास कमी होतो, आणि वाया गेलेले वॅट कॉइल तापवण्यात खर्ची पडतात.

आज सिरीजमुळे अ‍ॅम्प्लिफायरला ८ ओहम दिसतात आणि सबवूफरपर्यंत जेमतेम १५० वॅट पोचतात. प्रत्येक कॉइलला ३०० याप्रमाणे ६०० वॅट मिळाले, तर ती वाढ ६ डेसिबलची होईल व ती स्पष्ट जाणवेल. मात्र त्याचे श्रेय अ‍ॅम्प्लिफायरच्या संख्येला नाही. दोन्ही कॉइल पॅरललमध्ये (समांतर) जोडून २ ओहमला ६०० वॅट देणारा एकच अ‍ॅम्प्लिफायर लावला, तरी नेमका हाच परिणाम मिळतो आणि जुळवाजुळवीची कटकट उरत नाही. मला विचाराल तर जुना विकून असा एकच घ्यावा. तरीही दोन वापरायचेच असतील, तर पुढील क्रम सोडू नये.

सर्वप्रथम सबवूफरच्या टर्मिनलकडे पाहावे. दोन कॉइल एकमेकींना जोडणारी तार किंवा पत्र्याची पट्टी तेथे असेल, तर ती काढून टाकावी. ती राहिली तर दोन अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट एकमेकांना भिडतात आणि प्रोटेक्शनचा (बिघाड टाळण्यासाठी आपोआप बंद झाल्याचा) दिवा लागला तर नशीब, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. (ही चूक मी स्वतः एकदा केली आहे, सुदैवाने दिव्यावरच निभावले.) पट्टी काढल्यावर मल्टिमीटरने एका कॉइलच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत मोजावे; काहीही जोड दिसता कामा नये. अ‍ॅम्प्लिफायरची उणे टर्मिनलेही एकत्र बांधू नयेत, कारण अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उणे टर्मिनल म्हणजे गाडीची अर्थ नसून त्यावरही सिग्नल असतो.

त्यानंतर गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण, जुळवावा. स्पीकरच्या तारा सोडवून ठेवाव्यात, बास बूस्ट बंद करावा, ५० हर्ट्झचा टोन वाजवावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि गेन किमानापासून हळूहळू वाढवत न्यावा. ४ ओहममध्ये ३०० वॅट म्हणजे ३४.६ व्होल्ट, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर याच आकड्यावर थांबवावेत. ४५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची उरलेली ताकद वापरण्याचा मोह टाळावा, कारण एका कॉइलची क्षमता ३०० वॅटचीच आहे. सिग्नल एकाच सबवूफर आउटपुटमधून वाय-लीडने (एका तारेच्या दोन करणाऱ्या जोडतारेने) दोघांना द्यावा. लो-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्यावरचे सूर अडवणारा) एकावर ८० हर्ट्झ आणि दुसऱ्यावर १२० असा ठेवल्यास नुसता आवाजच नव्हे, तर फेजही (लहरींची वेळ) बदलते. म्हणून फिल्टर आणि फेजचे बटण दोन्हीकडे एकसारखे असावे. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ एकाच ठिकाणी घ्यावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज द्यावा.

आकडे जुळले म्हणजे दिशाही जुळली असे नाही. ते मल्टिमीटर सांगत नाही. त्यासाठी तारा सुट्या असतानाच दीड व्होल्टचा सेल प्रत्येक कॉइलला क्षणभर टेकवून पाहावा : धन टोक धन टर्मिनलला लागताच दोन्ही वेळा पडदा बाहेरच्या बाजूला हलला पाहिजे. मग अ‍ॅम्प्लिफायर जोडून, आवाज अगदी कमी ठेवून आधी एकच कॉइल वाजवावी आणि नंतर दुसरी जोडावी. बास वाढण्याऐवजी दबला, तर एखादा अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल उलटा करतो आहे असे समजून त्याच्याकडील कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करावी.

प्रश्न : दोन कॉइलपैकी एकीला डावा आणि दुसरीला उजवा चॅनेल दिला तर मिश्रण आपोआप होते, हे खरे का?

उत्तर : खरे आहे, दोन्हींचे बल पडद्यावर एकत्र होते, आणि घरगुती सबवूफरमध्ये ही युक्ती पूर्वी वापरली जात असे. बहुतेक संगीतात खालचा बास दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असल्याने ती निभावतेही. तथापि, जेथे दोन चॅनेल वेगळे असतात तेथे तेवढी शक्ती कॉइल तापवण्यात जाते, म्हणून मोनो सिग्नल देणेच श्रेयस्कर आहे.

प्रश्न : माझ्या सबवूफरची एक कॉइल जळाली आहे. उरलेल्या एकीवर तो चालवता येईल का?

उत्तर : तात्पुरता चालेल. क्षमता निम्मी धरावी, आणि पडद्यावरचा विद्युत ताबाही निम्मा होत असल्याने बास सैल व लांबलेला ऐकू येईल; बॉक्स दोन कॉइलच्या हिशेबाने बनवला असल्यामुळे हा दोष गेन फिरवून जाणार नाही. चालवण्याआधी तारा सोडवून पडदा दोन्ही हातांनी सारखा दाबून पाहावा. आत खरखर जाणवली, तर जळालेले वेढे सुटून चुंबकाच्या फटीत घासत आहेत, आणि ते चांगल्या कॉइललाही खराब करतील. अशा वेळी सबवूफर न वाजवता रिकोन करण्यासाठी (पडदा व कॉइल नव्याने बसवण्यासाठी) द्यावा.