कमी दिवसांचं बाळ आणि बोलणं: दोन वर्षांनी फाइल बंद करू नका

तुम्ही विचारलंय ते असं: मुलगी ३० आठवड्यांतच जन्मली, वजन १३०० ग्रॅम, बरेच दिवस पेटीत होती. आता १७ महिन्यांची आहे आणि "आई", "मम्मं" एवढंच बोलते. सासूबाई म्हणतात, तिचा बापही उशिराच बोलला. शेजारचे म्हणतात, मेंदूचा एमआरआय करून घ्या. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी गेलेल्या मुलांचं बोलणं-ऐकणं बघणं हेच माझं रोजचं काम (मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचा हिशोब. पूर्ण दिवस ४० आठवडे धरले तर ती १० आठवडे, म्हणजे साधारण सव्वादोन महिने लवकर आली. तेवढे वजा करा: मुलगी पावणेपंधरा महिन्यांची. डॉक्टर याला करेक्टेड वय म्हणतात आणि दोन वर्षांपर्यंत वाढीचे टप्पे याच वयाने मोजायचे. लसी मात्र जन्मतारखेनुसारच, तिथे वजाबाकी नाही. पावणेपंधरा महिन्यांना दोन शब्द यात घाबरण्यासारखं काही नाही. निव्वळ तेवढ्यासाठी एमआरआयही नको. हातापायांचा ताठरपणा, झटके किंवा डोक्याचा घेर न वाढणं असं काही असेल तर ते तुमचे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

मग बघायचं काय? शब्दांच्या आधी बोट. काऊ दिसला की ती बोट दाखवते का, आणि दाखवून वळून तुमच्याकडे बघते का? "चप्पल आण" म्हटल्यावर, तुम्ही हाताने खूण न करता, तिला कळतं का? बा-बा, दा-दा अशी बडबड चालू असते का? हे सगळं असेल तर तीनेक महिने थांबून बघायला हरकत नाही. बोट दाखवत नसेल, नावाला वळत नसेल किंवा आधी असलेली बडबड बंद झाली असेल, तर मात्र "होईल हळूहळू" म्हणत बसू नका, याच महिन्यात दाखवा.

कानांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे. घरी सोडताना बहुतेक ठिकाणी ओएई नावाची झटपट तपासणी होते. ती आतल्या कानापुरतीच असते. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष तिच्यात निसटतो. जास्त कावीळ झालेल्या बाळांत हा दोष दिसतो. म्हणून एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) व्हायलाच हवी. अ‍ॅमिकासिन, जेंटामायसिन अशी अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली असतील किंवा व्हेंटिलेटर लागला असेल तर जास्तच. एकदा पास झाली तरी दोन वर्षांच्या आत पुन्हा कान तपासून घ्या. दाराच्या आवाजाला दचकते म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका.

आता मेंदूचं. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं अजूनही कुणीतरी म्हणतंच. ते साफ खोटं आहे, पोटातला प्रत्येक आठवडा फायद्याचाच असतो. ३४ व्या आठवड्यातसुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या ६५ टक्क्यांच्या आसपासच असतं. पृष्ठभागावरच्या घड्या बऱ्याचशा शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. मज्जातंतूंवर वायरवरच्या प्लास्टिकसारखं जे आवरण चढतं, ते तयार करणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांत फार नाजूक असतात. प्राणवायू कमी पडणं आणि जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही. याच काळात मेंदूतल्या पोकळ्यांलगत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणूनच टाळूवरून सोनोग्राफी करतात. डिस्चार्ज कार्डावर तिचा निष्कर्ष असतो. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा सौम्य रक्तस्राव आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा मोठा, यांत पुढच्या दृष्टीने बराच फरक आहे. कार्ड शोधा आणि वाचून घ्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. पोटात बाळाला आईचा आवाज दबका पण सतत येत असतो. पेटीत अलार्म येतात आणि माणसाचं बोलणं फार थोडं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या डॉक्टरांनी एनआयसीयूतल्या बाळांजवळ छोटे रेकॉर्डर ठेवून मोठ्या माणसांचे शब्द मोजले. ज्या बाळांच्या कानावर जास्त बोलणं पडलं, त्यांचे पुढे १८ महिन्यांचे भाषेचे गुण जास्त आले (हा अभ्यास २०१४ चा). कांगारू पद्धतीने छातीशी घेतलेल्या बाळाशी आई आपोआप बोलते, हाही त्या पद्धतीचा एक फायदाच. तुमचा तो काळ गेला म्हणून हळहळू नका. भाषेची खिडकी अजून सताड उघडी आहे.

आता मला मुख्य जे सांगायचं आहे ते. दोन वर्षांची झाली, चार शब्द जोडून बोलू लागली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, फॉलोअपही बंद होतो. आणि खरी अडचण असलीच तर ती बहुतेक वेळा दुसरी-तिसरीत दिसते. २०१२ मध्ये लवकर जन्मलेल्या मुलांवरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यात हेच आढळलं: साधा शब्दसाठा आणि गुंतागुंतीची वाक्यं या दोन्हींत ही मुलं थोडी मागे असतात, पण गुंतागुंतीच्या भाषेतलं अंतर ३ ते १२ वर्षांत वाढत जातं. आपल्या पुण्यातही केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक इतरांपेक्षा कमी पण सामान्य मर्यादेतच होता. वाचन आणि गणित मात्र अनेकांना अडत होतं.

माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा यायचा, असाच लवकर जन्मलेला. बोलायला पटाईत, आल्या आल्या गच्चीवरच्या माकडाची गोष्ट रंगवून सांगितली. बाईंची तक्रार एवढीच की लक्ष देत नाही. मी म्हटलं, "वही देण्याआधी रंगपेटी दे." त्याने शांतपणे आधी वही दिली. मग मुलगी आणि मांजर असलेलं चित्र पुढे ठेवून म्हटलं, "जी मुलगी मांजराला दूध देतेय तिचा फ्रॉक लाल कर." त्याने मांजर लाल केलं. लक्ष होतं त्याचं, पण वाक्य लांबलं की हातातून सुटत होतं. गणितातली शाब्दिक उदाहरणंही तिथेच अडत होती.

याची दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२००३) फार कमी वजनाच्या बहुतेक मुलांचे शब्दसंग्रहाचे गुण ३ ते ८ वर्षांत चांगले वाढले. घसरले ते मुख्यतः सुरुवातीलाच रक्तस्राव होऊन मेंदूला इजा झालेल्यांचे. म्हणून म्हणते, ते कार्ड शोधा.

घरी काय कराल? ती ज्याकडे बघतेय त्याचंच नाव घ्या. "भांडं. गरम भांडं. हात नको." मग गप्प राहून तिला वेळ द्या, या मुलांना उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ लागतो आणि आपण मोठी माणसं मधल्या शांततेत घाईने बोलून टाकतो. बुवाऽ कुक खेळा, त्यात पाळीपाळीने बोलणं आपोआप येतं. जेवताना मोबाइल बंद. घरात मराठी आणि हिंदी दोन्ही असतील तर दोन्ही राहू द्या, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. आजीला मराठी सोडून इंग्रजी रंग आणि आकडे शिकवायला लावू नका, एवढं मात्र ऐका.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा. तिथे वाढ, कान आणि डोळे एकाच छताखाली बघतात, आणि सरकारी असल्याने पैसे लागत नाहीत. मुंबई जवळ असेल तर वांद्र्याची अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि ती घरी खेळताना तिला न कळता काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण ओपीडीत मुलं हमखास गप्प बसतात. बेरा झाली होती का, आणि ती बोट दाखवते का, एवढं इथे कळवा, मग पुढचं सांगते.