व्हिडिओ विरुद्ध फळा ही तुलना प्रबंधासाठी घेऊ नका

एका तुकडीला व्हिडिओतून शिकवायचं, दुसरीला नेहमीसारखं फळ्यावर, शेवटी दोघींची चाचणी आणि 'आवडलं का' अशी प्रश्नावली. हा आराखडा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की तो बदला. मेहनत भरपूर होईल आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ मात्र लावता येणार नाही.

समजा, व्हिडिओची तुकडी पुढे गेली. कशामुळे? व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहता आला म्हणून, उदाहरणं जास्त होती म्हणून, की तो बनवताना तुम्ही त्या धड्यावर जास्त विचार केला म्हणून? शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच हा आक्षेप घेतला होता: फरक पडतो तो अध्यापनपद्धतीमुळे, माध्यमामुळे नाही. रॉबर्ट कोझमा यांनी पुढे त्याचा प्रतिवाद केला, की काही माध्यमांत अशा क्षमता असतात ज्यांमुळे शिकणाऱ्याला एरवी न जमणारा विचार करता येतो. मला कोझमांचं म्हणणं जवळचं वाटतं, पण ते सिद्ध करायचं तर ती नेमकी क्षमता वेगळी काढून तपासावी लागते.

म्हणून व्हिडिओ एकच ठेवा आणि त्यातली एकच गोष्ट बदला. एका गटाच्या व्हिडिओत मध्येमध्ये प्रश्न येतील आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या गटाला तेच मुद्दे तेवढाच वेळ पुन्हा दाखवले जातील. किंवा निवेदनातली वाक्यं पडद्यावर द्यायची की नाही हे घ्या. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि निवेदन असताना तोच मजकूर पडद्यावरही दिला, की शिकणं बहुधा कमी झालं. पण शिकण्याची भाषा मुलांची स्वतःची नसेल तर हाच मजकूर आधार ठरू शकतो. इथे प्रबंधाला पुरेसा चांगला प्रश्न आहे.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. दोन अख्ख्या तुकड्या घेतल्या तर तुमच्याकडे खरं तर दोनच नमुने असतात. शिक्षक, वेळ, तुकडीचं वातावरण सगळं त्यात मिसळतं. हेडफोन असतील तर एकाच वर्गात चिठ्ठ्या टाकून मुलं दोन गटांत वाटता येतात. ही सोय तंत्रज्ञानानेच दिली आहे, ती वापरा.

आवडीच्या प्रश्नावलीवर निष्कर्ष उभारू नका. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा 2019 चा अभ्यास पाहा: स्वतः गणितं सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, तरी 'आपण कमी शिकलो' असं त्यांनाच वाटत होतं. चाचणीही लगेच एकदा घेऊन थांबू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले. आठवड्यानंतरची चाचणी नसती तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

नुसती उपकरणं वाटून काय होतं, हे पेरूच्या ग्रामीण शाळांत दिसलं. लॅपटॉप मिळाले, गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. याउलट दिल्लीत माइंडस्पार्क हे शिकवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांच्या अभ्यासात (प्रसिद्धी 2019) साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वाढ दिसली. तिथलं सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देत होतं. मात्र त्या केंद्रांत छोट्या गटांचं शिकवणंही होतं, त्यामुळे ही वाढ एकट्या सॉफ्टवेअरच्या नावावर टाकता येत नाही.

लॉगमधून, म्हणजे व्हिडिओ पाहताना संगणक आपोआप करतो त्या नोंदींतून, कोणी कुठे थांबलं ते कळेल, का थांबलं ते नाही. त्यासाठी पाच-सहा मुलांशेजारी बसा आणि पाहताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. हे मुख्य प्रयोगाच्या आधी करा, म्हणजे न कळणारे प्रश्न वेळीच बदलता येतील. मुलं अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी संमती घेताना लॉगमध्ये काय नोंदलं जाणार आहे तेही त्यात लिहा.