मामांच्या पेटीतले ‘योहान आंद्रे, ऑफनबाख’

प्रश्न : माझे मामा व्हायोलिन वाजवीत असत. त्यांच्या पश्चात पेटी आवरताना मोझार्टच्या रचनांची जुनी छापील पाने निघाली. मुखपृष्ठावर ‘योहान आंद्रे, ऑफनबाख’ असे आहे. साल कोठेच नाही, मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी एकच चार अंकी क्रमांक आहे. हा ऑफनबाख म्हणजे ‘कॅन-कॅन’ची प्रसिद्ध चाल रचणारा का? आंद्रे स्वतः संगीतकार होता, असे कोशात वाचले. मग स्वतःचे संगीत चालेना, म्हणून तो दुसऱ्यांचे छापू लागला असे समजावे काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ऑफनबाख हे फ्रँकफर्टजवळ, माइन नदीच्या काठी वसलेले शहर आहे. आपण म्हणता ते संगीतकार १८१९ मध्ये कोलोनला जन्मले; त्यांचे वडील या गावचे, म्हणून आपल्याकडच्या सातारकर-जेजुरीकरांप्रमाणे गावाचे नाव त्यांना चिकटले. आपल्या पानांशी त्यांचा संबंध नाही.

योहान आंद्रे यांचा जन्म १७४१ चा, ऑफनबाखचाच. घराणे मूळचे फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचे आणि धंदा रेशमाचा. तो सांभाळता सांभाळता ते संगीताकडे वळले. ‘कुंभार’ ही त्यांची पहिली संगीतिका १७७३ मध्ये रंगमंचावर आली आणि १७७४ मध्ये त्यांनी प्रकाशनगृह काढले. म्हणजे दोन्ही कामे जवळजवळ एकदमच सुरू झाली. अपयशामुळे छपाईकडे वळल्याची आपली शंका या सालांपुढे टिकत नाही. जर्मन कवी गटेच्या ‘एर्विन आणि एल्मीरे’ या नाटकाला त्यांनी चाली दिल्या, आणि माथियास क्लाउडियसच्या ऱ्हाइनच्या द्राक्षासवावरील कवितेला १७७६ मध्ये दिलेली त्यांची चाल जर्मनीत घरोघरी गायली गेली. पुढे १७७७ पासून काही वर्षे ते बर्लिनच्या एका नाटकमंडळीचे संगीत सांभाळीत होते. तेथेच १७८१ मध्ये त्यांची ‘बेलमोंट आणि कोन्स्टान्झे’ रंगली. संवाद बोलायचे आणि पदे गायची, हा आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार. दुर्दैव असे, की त्याच संहितेवरून बेतलेली मोझार्टची संगीतिका पुढच्याच वर्षी व्हिएन्नात आली आणि आंद्रेंची मागे पडली. मोझार्टशी झालेल्या तुलनेत हरणे याला अपयश म्हणणे मला तरी कठोर वाटते.

१७८४ मध्ये ते गावी परतले आणि प्रकाशनात बुडून गेले. त्या काळी शिसे-कथलाच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने स्वररेषा ओढीत आणि एकेक स्वरचिन्ह पोलादी ठशाने उलटे ठोकीत. प्रत्येक रचनेच्या पत्र्यांना एक क्रमांक देत, म्हणजे गोदामात पत्रे एकमेकांत मिसळत नसत. आपल्या पानांच्या तळाशी दिसतो, तो हाच क्रमांक. साल न छापण्याची रीत सर्रास होती, कारण जुना माल कोणाला विकत घ्यावासा वाटत नाही! त्यामुळे काळ ठरविण्यास आज हाच क्रमांक उपयोगी पडतो.

योहान १७९९ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे पुत्र योहान आंटोन यांनी मोझार्टच्या विधवा पत्नीकडून त्याच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह विकत घेतला. तिचेही नाव कोन्स्टान्झे, हा निव्वळ योगायोग. त्याच सुमारास त्यांनी शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापण्याची, नवी कला तिचे जनक झेनेफेल्डर यांच्याकडून मिळविली. पुढे आपल्या पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळेने देवादिकांची चित्रे काढली ती याच कलेने. मोझार्टने स्वहस्ते ठेवलेली आपल्या रचनांची यादी १८०५ मध्ये, आणि ‘आइने क्लाइने नाख्टमुझिक’ ही त्याची प्रसिद्ध वाद्यरचना १८२७ च्या सुमारास, याच प्रकाशनगृहाने प्रथम छापली.

आता आपली पाने. या प्रकाशनगृहाचा क्रमांक हजारावर गेला तो १७९७ मध्ये, योहान यांच्या मृत्यूपूर्वी जेमतेम दोन वर्षे. तेव्हा चार अंकी क्रमांक फार लहान नसल्यास आपली पाने बहुधा पुत्राच्या किंवा त्यानंतरच्या काळातली असावीत, आणि मुखपृष्ठावरचे ‘योहान आंद्रे’ हे त्या गृहस्थांचे नाव नसून पेढीचे असावे. खात्रीसाठी पान तिरप्या उजेडात धरा : मजकुराभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसला, तर छपाई पत्र्यावरची आहे, असे समजावे, कागद सपाट लागला, तर शिळाछापाची शक्यता अधिक. पानांना चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकमध्ये पक्की बंदही करू नका.