१९३३चा ‘किंग काँग’ आज बघण्यासारखा आहे का, की त्यातलं माकड आता हास्यास्पद वाटतं?

बघण्यासारखा आहे. आणि ‘हास्यास्पद’ वाचून माझं डोकं फिरलं म्हणून एवढं लिहायला बसलोय, कारण आमच्या दाजींनीही नेमकं हेच म्हटलं होतं.

दाजींनी नवा प्रोजेक्टर घेतला होता. भाऊबीजेला सगळे ताईकडे जमलो, जेवणं झाली, आणि मी हट्टाने जुना काँग लावायला लावला. पहिला पाऊण तास काँग येतच नाही, त्यामुळे पब्लिक आधीच कंटाळलेलं. शेवटी तो आला, जवळून दिसला, आणि त्याच्या अंगावरचे केस सळसळ हलायला लागले. वारा नाही, काही नाही, पण केस आपले हलतायत. दाजी म्हणाले, “ह्याच्या अंगात उवा झाल्यात का रे?” झालं. पुढे प्रत्येक शॉटला खसखस.

उवा नव्हेत, बोटं आहेत ती. पडद्यावर १८ फुटी दिसणारा काँग (बेटावरून न्यूयॉर्कला आणल्यावर तो २४ फुटी होतो, मुद्दाम) प्रत्यक्षात जेमतेम दीड फुटाची बाहुली होती. आत पोलादी सांगाडा, सांध्यांना गोळी आणि वाटी, वर रबराचे आणि कापसाचे स्नायू, आणि त्यावर सशाचं केसाळ कातडं. मार्सेल डेलगाडोने बनवलेली. सिनेमाचे स्पेशल इफेक्ट्स करणारा विलिस ओब्रायन आणि त्याची माणसं ती बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम (एक स्थिर चित्र) घ्यायची, परत हलवायची. ह्यालाच स्टॉप मोशन म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम. दर वेळी बोटं केसांवर पडणार आणि केस वेगळे दबणार, तेच आपल्याला सळसळताना दिसतं. डेलगाडोला ते खुपायचंच. पण असं सांगतात की स्टुडिओतल्या साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, वा, चिडल्यावर केस कसे फिस्कारतो बघा!

मला ते केस आवडतात. तिथे कोणाचा तरी हात नुकताच लागून गेलाय हे मला दिसतं. दाजींना ती चूक दिसते. दिसो.

मग डायनासोरशी मारामारी आली. ओब्रायन तरुणपणी बॉक्सिंगच्या रिंगणात उतरलेला माणूस, त्यामुळे काँग नुसता ओरबाडत नाही. ठोसे मारतो, पाठीवर चढतो, पेच टाकतो. शेवटी डायनासोरचा जबडा फाडून त्याला मारतो, आणि मग खाली वाकून तो तुटका जबडा हाताने उघडझाप करून बघतो. ह्या वेळी आई (घेवडा निवडत होती, सिनेमाकडे अर्धंच लक्ष) म्हणाली, “मेला का खरंच, ते बघतोय तो.” आईला स्टॉप मोशन म्हणजे काय हे माहीत नाही. तिने माकडाच्या मनातलं ओळखलं, बस. एवढ्यासाठी कोणीतरी ती बाहुली इंच इंच वाकवत बसलं होतं, आणि ते काम झालं होतं. दाजींनी त्यावर म्हटलं की योगायोग आहे. योगायोग! फ्रेम-फ्रेम करून शूट केलेल्या सिनेमात योगायोग कुठून येणार?

ह्या मारामारीच्या जरा आधीचा गुहेचा प्रसंग बघा. नायक कड्याखालच्या कपारीत लपलाय आणि काँग वरून हात घालून त्याला चाचपतोय. तिथला नायक म्हणजे आधी शूट केलेली फिल्म. छोट्या सेटमधल्या बोटभर पडद्यावर ती मागून एकेक फ्रेम पाडायची, आणि तेवढ्यातच पुढे बाहुलीचा हात हलवायचा. १९३३ साली.

पण आमच्याकडे तोवर सिनेमा बदलून दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा २००५चा ‘किंग काँग’ लागला होता. दाजी म्हणाले, “हे बघ, ह्याला म्हणतात माकड.” ठीक आहे, त्यात काँग झालेल्या अँडी सर्किसने काम भारी केलंय. पण तो जॅक्सन स्वतः जुन्या काँगचा भक्त. मूळ सिनेमातून कापलेला दरीतल्या राक्षसी कोळी-किड्यांचा प्रसंग त्याने जुन्या पद्धतीने, बाहुल्या हलवून, नुसत्या हौसेखातर परत बनवला. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, “पैसे जास्त झाले असतील.” वर आणि “आपल्याकडे कोणी असले बाहुल्यांचे खेळ केले नाहीत.” दाजी, फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला होता, काड्यापेटीतल्या काड्या हलवून. काँगच्या १८ वर्षं आधी. तेव्हा तोंडावर सुचलं नाही, आता लिहून ठेवतो.

आधी कुठला बघायचा? १९३३चाच. तो पचला नाही तर १९४९चा ‘माइटी जो यंग’. तोही ओब्रायनचा, पण बरंचसं ॲनिमेशन त्याच्या हाताखालच्या रे हॅरीहाउझेनचं, आणि त्यातला गोरिला काँगपेक्षा कितीतरी सफाईने हलतो. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर ह्याला मिळालं. काँगला साधं नामांकनही नाही, कारण तेव्हा तो विभागच नव्हता. १९७६चा सोडून द्या. ४० फुटी यांत्रिक काँगचा गाजावाजा केला आणि पडद्यावर बहुतेक वेळ मेकअपवाला रिक बेकर माकडाचा सूट घालून फिरतोय.

जाता जाता. बेटावरच्या लोकांना ज्या पद्धतीने दाखवलंय ते आज बघवत नाही, आणि जहाजावरच्या चिनी स्वयंपाक्याचे विनोदही तसेच. नायिका फे रे फार किंचाळते. लहान मुलं असतील तर आधी एकट्याने बघून घ्या, काँग माणसं चावतो आणि पायाखाली चिरडतो. १९३८मध्ये परत प्रदर्शित करताना हे शॉट कापले होते, पुढे ते परत जोडले. तेव्हा १०० मिनिटांच्या आसपासची कृष्णधवल प्रत शोधा, रंग भरलेली अजिबात नको. आणि प्रोजेक्टरवर ‘मोशन स्मूदिंग’ (मधे खोट्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) असेल तर आधी बंद करा. दाजींनी ते चालूच ठेवलं होतं.